व्हॅनिलाचा भाव काय?

आमच्या धंद्यात 'व्हॅनिला' हे विशेषण आहे. व्हॅनिला इन्स्टॉलेशन म्हणजे वर काहीही न चढवलेलं, कंपनीतून आलं तसं. क्लायंटने 'आम्हाला व्हॅनिलाच द्या' म्हटलं की मॅनेजर खूश होतो, कारण काम कमी. आईस्क्रीमच्या दुकानातही तेच. ज्याला काहीच ठरवता येत नाही तो शेवटी व्हॅनिला घेतो. साधं, सपक, बिनडोक्याचं.

पण या सपक चवीचा भाव काय, असं कुणी विचारलं तर उत्तर देणं भलतंच अवघड आहे. 'कुठला व्हॅनिला, कुठल्या देशात आणि कुठल्या साली' हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात. गेले काही शनिवार-रविवार मी या प्रश्नामागे लागलो होतो. जे सापडलं ते सांगतो. रसायनशास्त्र फार येणार नाही, घाबरू नका.

आधी एक छोटा हिशोब. व्हॅनिलाच्या वासातला मुख्य रेणू म्हणजे व्हॅनिलिन. तो व्हॅनिला नावाच्या ऑर्किडच्या शेंगेत असतो, पण शेंग नीट मुरवून वाळवल्यावरही त्याचं प्रमाण जेमतेम दोन टक्के. म्हणजे एक किलो व्हॅनिलिनसाठी पन्नास किलो वाळवलेल्या शेंगा. २००३-०४ मध्ये या शेंगांचा भाव किलोला ५०० डॉलरच्या आसपास गेला होता. गुणाकार करा : शेंगेतल्या व्हॅनिलिनची किंमत किलोला २५,००० डॉलर! आणि कारखान्यातलं व्हॅनिलिन? किलोला साधारण १५ डॉलर. रेणू तोच, अणू न् अणू तसाच. फरक सोळाशे पट.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, नैसर्गिक ते महाग. पण गंमत पुढे आहे. नुसत्या कारखान्यातल्या व्हॅनिलिनलाही जगात कधी एक भाव नव्हता. जर्मनीत वेगळा, अमेरिकेत वेगळा, चीनमध्ये वेगळा. आणि प्रत्येक ठिकाणच्या भावामागे एक गोष्ट आहे.

गोष्टीची सुरुवात अर्थातच शेंगेपासून. हे ऑर्किड मूळचं मेक्सिकोकडचं. युरोपियनांनी वेली जगभर नेल्या, वेली वाढल्यासुद्धा, पण शेंगा धरेनात. कारण परागीभवन करणारे तिकडचे कीटक इकडे नव्हते. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा वापरून हे काम हाताने करून दाखवलं. आज जगभर जवळपास सगळी व्हॅनिला याच पद्धतीने होते. एक किलो वाळवलेल्या शेंगांमागे सुमारे ६०० फुलं, एकेक करून, सकाळच्या मोजक्या तासांत. गुलामगिरी १८४८ मध्ये संपली, एडमंडला आल्बियस हे आडनाव मिळालं. पैसा मात्र नाही. १८८० मध्ये तो गरिबीतच वारला. या सगळ्या इतिहासात ज्याच्या हातामुळे मूल्य तयार होतं त्याच्या हातात काय पडतं, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

गोबले नावाच्या फ्रेंच माणसाने १८५८ मध्ये शेंगेतून शुद्ध व्हॅनिलिन वेगळं काढलं. १८७४ मध्ये फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान या दोन जर्मनांनी त्याची रचना शोधली आणि ते चक्क पाईनच्या झाडातल्या रसापासून बनवलं. हारमानने लगेच आपल्या होल्झमिंडेन या गावी कारखाना टाकला. दोन वर्षांनी कार्ल रायमर येऊन मिळाला आणि 'हारमान अँड रायमर' ही कंपनी झाली. तिचा वारस असलेली सिमराईज ही कंपनी आजही त्याच गावात आहे. जगातला सुवासिक रसायनांचा मोठा उद्योग एका जंगलाशेजारच्या गावात वसला, कारण कच्चा माल जंगलात होता.

पहिल्या काही वर्षांत या व्हॅनिलिनचा भाव किलोला हजारो मार्क होता. पाईनचा रस वसंतातच मिळायचा, झाडं सोलायला लागायची. मग लवंग आली. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्यापासून व्हॅनिलिन बनवणं कितीतरी स्वस्त. एकोणिसावं शतक संपेपर्यंत भाव एकदशांशाच्याही खाली गेला होता. १८८९ मध्ये गर्लेंने 'जिकी' हे अत्तर काढलं, त्यात कृत्रिम व्हॅनिलिन होतं. म्हणजे पंधरा वर्षांत हा रेणू प्रयोगशाळेतून पॅरिसच्या बायकांच्या मनगटावर पोचला.

पण आता भाव लवंगेला बांधला गेला. लवंग यायची झांझिबार आणि मादागास्करकडून. तिकडे पीक कमी झालं की इकडे व्हॅनिलिन महाग! अमेरिकेत मॉन्सॅन्टोने १९०१ मध्ये सॅकरिनपासून सुरुवात केली आणि लवकरच व्हॅनिलिन आणि कॅफिनही करायला घेतलं. (होय, तीच बियाणांवाली मॉन्सॅन्टो. सुरुवात गोड होती.) जर्मनीतला माल आणि अमेरिकेतला माल एकाच भावात कधीच नव्हता. मध्ये जकात होती, पेटंट होती, पुढे महायुद्धं आली.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो कचऱ्याचा आहे.

कागद बनवताना लाकडातला तंतू ठेवतात आणि त्याला चिकटवून ठेवणारं लिग्निन विरघळवून फेकून देतात. सल्फाईट पद्धतीच्या कागद गिरण्यांमधून हे तपकिरी पाणी सरळ नदीत जायचं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रॉथ्सचाईल्ड गावी मॅरेथॉन पेपर मिल्सने १९३० च्या दशकात या सांडपाण्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन काढायला सुरुवात केली. कच्चा माल फुकट, उलट फेकायचा खर्च वाचतो! लवंगेचं गणित संपलं.

कॅनडात ओंटारिओ प्रांतात थोरोल्ड नावाचं गाव आहे. तिथली कागद गिरणी 'शिकागो ट्रिब्यून' या वर्तमानपत्राच्या मालकीची, पेपर छापायला कागद लागतो म्हणून काढलेली. तिथेही हाच उद्योग सुरू झाला, आणि असा वाढला की १९८१ मध्ये जगातल्या कृत्रिम व्हॅनिलिनपैकी सुमारे ६० टक्के या एकाच ठिकाणाहून येत होतं. क्षणभर विचार करा. जगभरच्या केक-बिस्किट-आईस्क्रीममधला निम्म्याहून जास्त वास एका वर्तमानपत्राच्या कागदाच्या सांडपाण्यातून! रद्दीवाल्याला कळलं असतं तर त्याने भाव वाढवून मागितला असता.

मग हे इतकं स्वस्त आणि मस्त असताना बंद का झालं? कारण एक किलो व्हॅनिलिनमागे १६० किलोंहून जास्त अल्कलीयुक्त टाकाऊ द्रव उरायचा. नदी स्वच्छ ठेवायची म्हणून सुरू झालेला उद्योग स्वतःच सांडपाण्याचा प्रश्न होऊन बसला. नियम कडक झाले, गिरण्यांनी लगदा करायच्या पद्धती बदलल्या, आणि १९८७ मध्ये थोरोल्डचं व्हॅनिलिन बंद झालं. तोवरचा 'स्वस्त' भाव हा खरा स्वस्त नव्हताच. त्यातला एक भाग नदी भरत होती. आमच्याकडे याला टेक्निकल डेट म्हणतात. आजचं बिल उद्याच्या टीमवर.

ही पद्धत जगात मोठ्या प्रमाणावर टिकली ती नॉर्वेत. सार्प्सबोर्ग इथली बोरेगार्ड कंपनी स्प्रूसच्या लाकडापासून आजही व्हॅनिलिन बनवते. त्यांचा माल खनिज तेलापासूनच्या मालापेक्षा महाग विकला जातो, कारण तो झाडापासूनचा आहे असं सांगता येतं. तोच रेणू, पण युरोपातल्या गिऱ्हाईकाला त्याच्या जन्मकथेचे पैसे द्यायला चालतात. आणि ही जन्मकथा खरी की खोटी हे तपासताही येतं बरं का. शेंगेतलं, लाकडातलं आणि तेलापासूनचं व्हॅनिलिन यांच्यात कार्बन-१३ या जड कार्बनचं प्रमाण किंचित वेगवेगळं असतं. रेणूच्या पोटात लपलेली मेटाडेटा फाईलच म्हणा ना. अर्थात फसवणाऱ्यांनी तीसुद्धा एडिट करायचा प्रयत्न करून पाहिला. स्वस्त मालात मुद्दाम जड कार्बन मिसळायचा!

थोरोल्डनंतर जगाचा भाव ठरवू लागलं ते खनिज तेल. फिनॉलपासून कॅटेकॉल, कॅटेकॉलपासून ग्वायकॉल, आणि त्यावर ग्लायऑक्झिलिक आम्लाची प्रक्रिया की व्हॅनिलिन. ही पद्धत फ्रान्सच्या रोन-पूलांक या कंपनीने १९७० च्या दशकात पुढे आणली. ती कंपनी पुढे ऱ्होडिया झाली, २०११ मध्ये सॉल्व्हेने घेतली, आणि २०२३ च्या शेवटी तिथून वेगळी होऊन सिएन्स्को झाली. (नावं बदलायचा यांचा वेग आमच्या कंपनीच्या डिपार्टमेंटांपेक्षा जास्त आहे.) मग हीच पद्धत चीनमध्ये पोचली आणि भावाचा गुरुत्वमध्य पूर्वेकडे सरकला.

चीनच्या गोष्टीत एक कोर्टकेस आहे, ती आयटीवाल्यांनी जरूर ऐकावी. जियाशिंग चुंगहुआ केमिकल या कंपनीकडे एकेकाळी जगाच्या व्हॅनिलिन बाजाराचा सुमारे ६० टक्के हिस्सा होता. २०११ मध्ये वांगलुंग नावाच्या दुसऱ्या कंपनीने अचानक मोठ्या प्रमाणावर व्हॅनिलिन बाजारात आणलं, कमी भावात. चुंगहुआचा हिस्सा ५० टक्क्यांवर आला. चुंगहुआचं म्हणणं, आमच्या माजी कर्मचाऱ्याने यंत्रांचे आराखडे आणि प्रक्रियेची कागदपत्रं तिकडे नेली. खटला वर्षानुवर्षं चालला. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनच्या सर्वोच्च लोक न्यायालयाने व्यापारी गुपितं चोरल्याचं मान्य करून १५.९ कोटी युआनची भरपाई ठोठावली. तिथे तोपर्यंत व्यापारी गुपितांच्या खटल्यात एवढी रक्कम कुणाला मिळाली नव्हती. म्हणजे जगभर भाव पडला त्याचं एक कारण आराखड्यांची कॉपी-पेस्ट होतं. आईस्क्रीम खाणाऱ्याला कळणार कसं?

आता आपल्याकडे येऊ. २००० च्या एप्रिलमध्ये हुडाह नावाचं चक्रीवादळ मादागास्करवर आदळलं. जगातली बहुतेक व्हॅनिला शेंग तिथून येते. भाव चढायला लागले ते चढतच गेले. केरळात इडुक्की-वायनाड, कर्नाटकात दक्षिण कन्नड, कोडगू, शिरसीकडचा पट्टा, सगळीकडे सुपारी-कॉफीच्या बागांत व्हॅनिलाच्या वेली चढल्या. हिरव्या शेंगेला किलोला तीन हजार रुपयांच्या पुढे भाव मिळाला. बागांना राखणदार बसले, शेंगांच्या चोऱ्या होऊ लागल्या.

माझ्या टीममध्ये शिरसीकडचा एक मुलगा होता. त्याच्या वडिलांनी सुपारीच्या बागेत वेली लावल्या होत्या. तो सांगायचा, 'फुलं येण्याच्या दिवसांत आई पहाटे उठून हातात काडी घेऊन बागेत. दहाच्या आत सगळी फुलं संपवायची, नाहीतर ती मिटतात.' मी त्याला विचारलं, मग पैसे मिळाले का? तो म्हणाला, 'शेजाऱ्याला मिळाले. त्याने आधी लावली होती.'

या एका वाक्यात सगळं अर्थशास्त्र आहे. वेल लावल्यावर फूल यायला साधारण तीन वर्षं लागतात, आणि शेंग तयार व्हायला पुढे नऊ महिने. म्हणजे २००२ चा भाव बघून लावलेली वेल २००५ मध्ये उत्पन्न देणार. तोवर मादागास्कर सावरला होता, युगांडा आणि इंडोनेशियातूनही माल येत होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्या खाद्यकंपन्यांनी पाककृती बदलून कारखान्यातलं व्हॅनिलिन घेतलं होतं. २००५ मध्ये वाळवलेल्या शेंगेचा भाव पन्नास डॉलरच्याही खाली आला. आपल्याकडे हिरव्या शेंगेला किलोमागे शंभर रुपयेही मिळेनात. बऱ्याच जणांनी वेली उपटून टाकल्या.

इथे एक कोडं आहे. शेंग पन्नास डॉलरला विकली तरी तिच्यातलं व्हॅनिलिन किलोला अडीच हजार डॉलर पडतं, म्हणजे कारखान्यातल्या मालाच्या दीडशे पटींहून जास्त. मग ती कृत्रिमाशी स्पर्धा करत होती असं तरी कसं म्हणायचं? मला वाटतं, स्पर्धा रेणूशी नव्हतीच. गिऱ्हाईक शेंगेचे पैसे देतं ते डब्यावर 'नैसर्गिक' हा शब्द छापता यावा म्हणून. त्या शब्दाचा भाव सहन होईना तेव्हा कंपनी तो शब्द सोडते आणि पंधरा डॉलरच्या मालावर जाते. आणि एकदा मायग्रेशन झालं, डबे छापून झाले, चव लोकांच्या जिभेवर बसली, की परत कोण येतो? स्वस्त पर्याय शेजारी उभा आहे, एवढ्यानेच शेतकऱ्याचं कंबरडं मोडतं.

हे चक्र तिथेच थांबलं नाही. मार्च २०१७ मध्ये एनावो चक्रीवादळ मादागास्करवर आलं आणि भाव पुन्हा ६०० डॉलरच्या आसपास गेला. या वेळी घसरण रोखायला तिथल्या सरकारने २०२० मध्ये निर्यातीचा किमान भाव किलोला २५० डॉलर ठरवून टाकला. खरेदीदारांनी हात आखडते घेतले, माल पडून राहिला, आणि २०२३ मध्ये ती अट काढावी लागली. अट गेल्यावर भाव कोसळले. कांद्याच्या निर्यातमूल्याचे खेळ पाहिलेल्या नाशिककरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि आता शेवटचं वळण, जे वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. आपण शाळेत जी कंपासपेटी घेऊन गेलो ती कॅमलिनची. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेला मराठी उद्योग. याच घराण्यातली रसायनांची शाखा २००६ मध्ये वेगळी झाली, ती आजची कॅमलिन फाईन सायन्सेस. तारापूर एमआयडीसीत ते टीबीएचक्यू बनवायचे, म्हणजे तळणीचं तेल खवट होऊ नये म्हणून घालतात ते रसायन. ते बनवायला हायड्रोक्विनोन लागतं. फिनॉलपासून हायड्रोक्विनोन बनवलं की सोबत जुळ्या भावासारखं कॅटेकॉलही निघतं. आणि कॅटेकॉलचं काय होतं? वर सांगितलंच, व्हॅनिलिन! म्हणून कंपनीने २०११ मध्ये इटलीत राव्हेनाचा कारखाना घेतला (तो बोरेगार्डचाच होता), २०१७ मध्ये चीनमध्ये वांगलुंगबरोबर भागीदारी केली, आणि पुढे गुजरातमध्ये दहेजला स्वतःचा कारखाना उभारला. वांगलुंग म्हणजे तीच कोर्टकेसवाली. त्या खटल्यात ही भागीदारीतली कंपनीही प्रतिवादी होती. जग लहान आहे म्हणतात ते असं.

दरम्यान २०२४ मध्ये अमेरिका आणि युरोपियन युनियन दोघांनीही चिनी व्हॅनिलिनची चौकशी सुरू केली. तक्रार अशी, की हा माल अवाजवी कमी भावात ओतला जातोय. २०२५ मध्ये दोन्हीकडे शुल्क लागलं. युरोपात ते तब्बल १३१ टक्के. म्हणजे शांघायच्या बंदरात ज्या पिंपाचा भाव शंभर, त्याचा रॉटरडॅमला उतरल्यावर दोनशे एकतीस. पिंप तेच, आतली पांढरी पूडही तीच. मग युरोपातला खरेदीदार नॉर्वेकडे बघतो, फ्रान्सकडे बघतो, आणि दहेजकडेही. आपल्याकडच्या एखाद्या ऑपरेटरची शिफ्ट वाढेल की नाही हे ब्रुसेल्समध्ये ठरतं.

दीडशे वर्षांची ही यादी बघितली की एक गोष्ट दिसते. रसायन बनवण्याची अक्कल दर वेळी काही वर्षांत सगळीकडे पसरली. तिने भाव फार काळ वेगळा ठेवला नाही. वेगळा ठेवला तो आसपासच्या गोष्टींनी : शेजारी जंगल आहे का, नदीत काय सोडू देतात, सोबत निघणारं दुसरं रसायन कोण विकत घेतं, डब्यावर काय छापायला परवानगी आहे, आणि बंदरात किती जकात. आणि भाव पडला की त्याचा धक्का दर वेळी सगळ्यात हळू हलणाऱ्याला बसला. कारखाना कच्चा माल बदलू शकतो, कंपनी पाककृती बदलू शकते. तीन वर्षांपूर्वी वेल लावलेला माणूस काय बदलणार?

आमच्या शिरसीच्या मित्राच्या वडिलांनी वेली काढल्या नाहीत म्हणे. दोन-चार ठेवल्यात, दारापुढच्या झाडावर. दर वर्षी थोड्या शेंगा निघतात, त्या घरातच वापरतात. बाजारभाव काय आहे ते ते आता विचारत नाहीत.

असो. पुढच्या वेळी बिस्किटाच्या पुड्यामागे बारीक अक्षरांत 'नेचर आयडेंटिकल फ्लेवर' असं काहीसं छापलेलं दिसलं, तर एकदा वाचा. निसर्गातल्यासारखाच रेणू, पण निसर्गातून न आलेला, एवढाच त्याचा अर्थ. फसवणूक नाही, विषही नाही. फक्त ते तीन शब्द छापले म्हणून पुडा दहा रुपयांत मिळतो.